कूलरमधला उंदीर

१६ मार्च, रविवार

आज ड्रिल मशीन आणली आणि भिंतीला पहिलं भोक पाडलं. करंगळीएवढं हवं होतं, झालं लिंबाएवढं. प्लास्टर भसकन खाली आलं. मी स्टुलावर तशीच उभी राहून आधी बाबांकडे पाहिलं. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मान वळवली, धूळ पाहिली आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

बाबा म्हणजे माझे सासरे, देवराव. दिवाळीत आई, म्हणजे सासूबाई, गेल्या, तेव्हापासून कन्हान गावातल्या घरात एकटेच होते. एक वेळ जेवायचे, कधी तेही नाही. मागच्या आठवड्यात माझा नवरा मोहित त्यांना जवळजवळ उचलूनच नागपूरला घेऊन आला. येताना त्यांनी एकच अट घातली, बुद्धपौर्णिमेपर्यंत राहीन, मग मले माझ्या घरी सोडून द्या. मोहित रायपूरला नोकरीला, फक्त शनिवार-रविवारी घरी. म्हणजे बाबांना इथे थांबवायचं काम माझ्याकडे आलं. ते परत त्या रिकाम्या घरात गेले तर पुढची दिवाळी पाहणार नाहीत, असं मला वाटतं. मोहितलाही तसंच वाटतं.

म्हणून बाजूच्या अडगळीच्या खोलीत त्यांचा पलंग टाकलाय आणि आता ती खोली मी त्यांच्यासाठी तयार करणार आहे, स्वतःच्या हाताने. मोहित म्हणाला, प्रीतमला बोलाव, दोन दिवसांत करून देईल. प्रीतम आमच्या भागातला मिस्त्री आहे, कामाचा चांगला, पण 'उद्या येतो' म्हणाला की तो उद्या पंचांगात सापडत नाही. शिवाय पोस्टाच्या खिडकीमागे बसून मी जगाची पाकिटं इकडून तिकडे करते, एक फळी मला ठोकता येऊ नये?

लिंबाएवढं भोक बुजवून शेजारी दुसरं पाडलं. त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू पिळले, फळी बसवली. वर बुद्धमूर्ती आणि आईंचा फोटो ठेवला. बाबांना म्हटलं, पाहा बरं. ते म्हणाले, "वाकडी आहे."

दिवसभरातले त्यांचे हे दोनच शब्द.

१८ मार्च, मंगळवार

ऑफिसमधून आले तर फळी सरळ दिसली. पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली, घरंगळली नाही. म्हणजे रविवारी वाकडी नव्हतीच, माझ्याच नजरेत खोट होती. उगाच मन खात होतं.

बाबांच्या सामानाची गठडी सोडली. गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या ठोक दुकानात ते जन्मभर नोकरीला होते. कापड मोजायचं, गठ्ठे बांधायचे. त्यामुळे त्यांच्या हातची गाठ वेगळीच असते. चपटी, दोन पाकळ्यांची; कितीही ओढा, घट्टच होत जाते, आणि आतलं टोक धरून खेचलं की एका झटक्यात सुटते. आई लोणच्याच्या बरणीचं फडकंही त्यांच्याकडूनच बांधून घ्यायच्या. कापडाबाहेरचं मात्र बाबांना काही येत नाही. घरचा बल्ब आई बदलायच्या.

२३ मार्च, रविवार

बाबांच्या न्हाणीतला नळ टिपटिप गळत होता. मोबाइलवर पाहून वायसर बदलला. वरच्या टाकीचा कॉक बंद करायला विसरले आणि आंघोळ झाली, पण नळ थांबला. इतका आनंद मला बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. शेजारच्या शोभाताईंना मुद्दाम बोलावून बंद नळ दाखवला. त्या म्हणाल्या, "बंदच तर आहे, त्यात काय पाहाचं?"

२४ मार्च

नळ पुन्हा गळतोय.

२५ मार्च, मंगळवार

खोलून पाहिलं, वायसर उलटा बसवलेला. मी उलटा कसा बसवला देव जाणे. मी तर व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला होता. पुन्हा नीट बसवला.

जेवताना बाबा एकदम म्हणाले, "मेघा, त्या नळाच्या पोटात ते रबर कायले असते वं?" माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. आई गेल्यापासून त्यांनी कोणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी सांगितलं, दांडा खाली आला की रबर भोकावर दाबून बसतं आणि पाणी अडतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, म्हणजे पाणी बंद होत नाही, अडून राहते. मी हो म्हटलं. त्या बोलण्याच्या भरात त्यांनी दुसरी पोळी घेतली. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

३० मार्च, रविवार

आज कूलर खाली उतरवला. नागपुरात मार्च संपता संपता घराघरातून खडखडाट ऐकू येतो. सगळे आपापले कूलर धुत, घासत, रंगवत असतात. आमच्याकडे हे काम मोहितचं. या वर्षी मी त्याला म्हटलं, तू फक्त उचलायला मदत कर, बाकी हात लावू नकोस. तो खुर्ची टाकून बसला आणि फुकटचे सल्ले देत राहिला.

टाकीला डांबर लावलं, जुनं कुजलेलं गवत काढून नव्याच्या ताट्या बसवल्या, पंपाची जाळी साफ केली, मोटर खोलून तेल दिलं आणि तारा जिथल्या तिथे जोडल्या. संध्याकाळी खिडकीबाहेरच्या बोळीत स्टँडवर चढवून चालू केला. ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला. बाबा खुर्ची ओढून कूलरसमोर बसले. पण वारा घेत होते असं वाटलं नाही. मान वाकडी करून आत पाहत होते, वरच्या ताटलीतून पाणी गवतावर कसं पडतं ते.

मला वाटतं, खोली आवडली त्यांना.

२ एप्रिल, बुधवार

कूलरमधून कोरडा वारा येतोय. मागची ताटी काढली तर पंपाची नळी निसटलेली, वायरही उपसलेली. मी बोळीत डोकं धरून बसले. खिडकीतून बाबा म्हणाले, "उंदीर असन."

असेल. कूलरमध्ये उंदीर घर करतात असं ऐकलंय. नळी बसवली, वायर जोडली, आणि शोभाताईंकडून पिंजरा आणला. कांद्याची भजी तळली, एक आमिषाला पिंजऱ्यात लावलं.

३ एप्रिल

भजं गायब. पिंजरा उघडाच. उंदीर हुशार दिसतो.

५ एप्रिल, शनिवार

आजही भजं गेलं. मोहित म्हणाला, पिंजऱ्याची कमानच सैल आहे. मी बोट घालून पाहिलं, कमान खाडकन पडली, बोट सुजलंय. इतक्या कडक पिंजऱ्यातून भजं काढून नेणारा उंदीर माझ्या पाहण्यात नाही.

आणखी एक. स्क्रू पिळायचा पेचकस सापडत नव्हता. सगळं घर पालथं घातलं, शेवटी बाबांच्या चष्म्याच्या डबीत निघाला. फळीवरची धूळ पुसताना मीच ठेवला असणार. वय झालं माझंही.

९ एप्रिल, बुधवार

आजचं लिहायलाही लाज वाटते. ऑफिसातून आले तर शोभाताई आमच्या बोळीत पाट टाकून मेथी निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "मेघा, काय मस्त थंडा वारा येऊन राहिला वं तुमच्या खिडकीतून." घरात शिरले तर खोलीची भट्टी झालेली. कूलरचा पंखा उलटा फिरत होता. आम्ही दिवसभर शोभाताईंची मेथी थंड करत होतो.

मोटरच्या दोन तारांची अदलाबदल झाली की असं होतं, असं व्हिडिओत सापडलं. पण दहा दिवस तो सरळ फिरत होता. तारा आपल्या आपण जागा बदलतील कशा? बाबांना म्हटलं, तुम्हाला दिवसभर गरम हवा लागली, मला फोन तरी करायचा. ते म्हणाले, "मी पाहून राहिलो होतो का आपोआप सरळ होते का."

जाताना शोभाताई सांगून गेल्या की सासऱ्यांना भर दुपारी बोळीत फिरू देऊ नका, ऊन बाधेल. मी म्हटलं, ते पलंगावरून उठत नाहीत, बोळीत कुठले फिरतात? शोभाताईंच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन लांबलंय ना, त्यांना मांजरही माणूस दिसतं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. काल मोहित मुद्दाम थांबला. पांढरे कपडे घालून आम्ही विहारात गेलो. बाबांनाही नवा पांढरा सदरा आणला होता. त्यांनी तो घातला, पण पाय दुखतात म्हणून घरीच राहिले. फार वाईट वाटलं. कन्हानला असताना या दिवशी सगळ्यांच्या आधी तयार होऊन ते आईंना घाई करायचे.

परत आलो तर सदऱ्याच्या बाहीला कोपरापर्यंत काळं लागलेलं. बिचारे, खिडकीशी बसून मिरवणुकीचे ढोल ऐकत असतील, कूलरला हात टेकला असेल. बाबा मात्र जेवले पोटभर. खीर मागून घेतली.

बाबांना दिलेला माझा जुना मोबाइल चार्जिंगला लावला तर त्यावर व्हिडिओ थांबलेला, 'कूलर की मोटर उल्टी क्यों घूमती है'. मी माझ्या फोनवर जे पाहते ते या फोनवरही उगवतं. मोबाइललाही माझं वेड लागलंय.

२० एप्रिल, रविवार

मोहितशी भांडण झालं. पारा चव्वेचाळीसच्या वर आहे आणि कूलर या आठवड्यात पुन्हा बंद पडला. दाराची कडी मी बसवली ती निघून आली, नळाने पुन्हा गळून दाखवलं. मोहित म्हणाला, "तुझ्या हौशीपायी बाबांची प्रयोगशाळा झाली. या उन्हात काही झालं तर?"

तो बरोबर बोलत होता. जे जे मी दुरुस्त केलं ते ते दोन दिवसांत बिघडलं. माझ्या हातालाच गुण नाही हे मला मान्य करावं लागेल. बाबा पौर्णिमेला जातो म्हणाले तर मी कोणत्या तोंडाने थांबा म्हणू? धड वारा देता येत नाही मला त्यांना.

रडू आलं. भांडी घासताना रडले, म्हणजे कोणाला कळत नाही. प्रीतमला फोन केला.

२२ एप्रिल, मंगळवार

प्रीतम चक्क आज उगवला. मी सुट्टी टाकली होती. त्याने नळच नवा बसवला, कडी बसवली, कूलरचा पंप बदलला, जुना नळीसकट काढून मला खोक्यात घालून दिला. मोटर खोलून म्हणाला, "भाभी, हे किती वेळा खोललं? स्क्रूची डोकी पार झिजली." मी म्हटलं, एकदाच. तो हसला. मग सगळ्या ताट्यांना बाहेरून जाळी लावून चारी बाजूंनी स्क्रू पिळले. उंदीर तर सोडा, मुंगी शिरणार नाही, म्हणाला.

बाबा सगळा वेळ दाराशी उभे होते. प्रीतम स्क्रू पिळत होता तसतसे त्यांचे खांदे खाली येत गेले. बराच वेळ उभं राहून थकले असावेत.

२६ एप्रिल, शनिवार

खोलीत वाळ्याचा वास, गार वारा, नळ बंद, कडी लागते. आणि बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून.

मला काही समजत नाही. काल अर्धी पोळी, आज दोन घास. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासून सांगितलं की अंगात दुखणं काही नाही. विचारलं, वारा लागतो ना नीट? म्हणाले, लागतो. काही हवंय का? नाही. संध्याकाळी उठून त्यांनी गठडीचं फडकं पसरलं आणि एकेक कपडा घडी करून ठेवायला लागले. म्हणाले, "पौर्णिमेची वाट नाही पाहत आता. पुढच्या रविवारी मोहितसंगं जातो."

'येतो' नाही म्हणाले. 'जातो' म्हणाले. आमच्या घरात कोणी दुकानात निघालं तरी 'येतो' म्हणून निघतं. मोहित उठून गच्चीवर गेला.

सगळं मोडकं होतं तेव्हा हा माणूस जेवत होता, विचारत होता. सगळं नीट झालं तर चालला. हे काय गणित आहे?

२८ एप्रिल, सोमवार

आता लिहिते.

सकाळी भंगारवाला आला म्हणून जुना पंप खोक्यातून बाहेर काढला. पंपाच्या तोंडाशी नळी बांधलेली होती. मी ती नुसती खोचली होती, पक्कं आठवतं, बांधली नव्हती. आणि ही कापडाच्या काठाच्या चिंधीने बांधलेली होती. चपटी गाठ, दोन पाकळ्यांची. आतलं टोक धरून खेचलं. एका झटक्यात सुटली.

भंगारवाला विचारत होता, द्यायचं का नाही. मी त्याला परत पाठवलं आणि तिथेच पायरीवर बसले.

फळी. वायसर. पेचकस. उलटा पंखा. शोभाताईंचा मोतिबिंदू! आणि भजी. अरे देवा, ती भजी.

मी ऑफिसला गेले की ते उठत होते. माझ्यामागे एकेक वस्तू खोलून पाहत होते, आत काय आहे, कशाने चालते. परत बसवताना कधी जमत होतं, कधी नाही. नसलं जमलं की संध्याकाळी मी ती पुन्हा बसवायचे आणि ते मागून पाहायचे, कुठे चुकलं. आईंनी आयुष्यभर ज्यांना बल्बला हात लावू दिला नाही, ते माझे सासरे माझ्या घरात मोटरीच्या तारा उलट्या लावत होते. आणि मी प्रीतमला बोलावून त्या सगळ्यावर स्क्रू पिळून घेतले.

पहिला राग आला. विजेचं काम, उघडी तार, घरात कोणी नाही. मग इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला. मग तिसरंच काहीतरी झालं, ते लिहिता येत नाही.

सांगितलं का नाही त्यांनी? चोरी थोडीच होती. पण सुनेच्या घरी पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने वस्तू बिघडवल्या, हे कसं सांगणार? त्यापेक्षा उंदीर बरा.

आता त्यांना 'मला सगळं कळलं' म्हणावं असं फार वाटतंय. पण म्हटलं तर ते शरमेने उद्याच निघतील. मोहितलाही सांगत नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाबा फिरायला कोपऱ्यापर्यंत गेले तेवढ्यात मी कामाला लागले. कूलरच्या एका बाजूच्या जाळीचे स्क्रू काढून खिशात टाकले. पंपाची नळी उपसली. नळाचा आटा सैल केला, थेंब पडू लागला. पाना आणि पेचकस खिडकीत 'विसरले'. डबा घेतला आणि ऑफिसला गेले. दिवसभर लोकांनी दिलेल्या रजिस्टर पत्रांवर उलटे शिक्के मारले.

घरी आले तेव्हा दार उघडं होतं. बाबा खोलीत जमिनीवर बसले होते. समोर वर्तमानपत्रावर नवा नळ सुटा करून मांडलेला, प्रत्येक भाग आपापल्या जागी, ओळीने. दुकानात कापडाचे नमुने मांडावेत तसे. कूलर चालू होता, ताट्या गच्च ओल्या. या वेळी त्यांनी काही लपवलं नाही. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हा नळ कोणीतरी मुद्दाम ढिला केला होता," ते म्हणाले. "नवा आटा असा आपोआप नाही सुटत."

मी चपला काढत म्हटलं, "उंदीर असन."

त्यांनी वायसर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, सुलट धरला आणि बसवला. दांडा पिळला. मग म्हणाले, "मंग पिंजरा कायले लावतं वं? राहू दे त्याले घरात."

"राहू दे," मी म्हटलं. "फक्त त्याला सांगा, कूलरला हात लावायच्या आधी प्लग काढत जा."

"काढते तो," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून काढते."

मी पलंगावर पाहिलं तर गठडी सुटलेली. कपडे एका बाजूला ढिगाने पडलेले आणि फडकं बाबांच्या मांडीवर, ग्रीसने काळं झालेलं. मी विचारलं, रविवारचं काय? ते म्हणाले, रविवारी मोहितले सांग, बाहेरच्या बल्बचं बटण दाबलं का पंखा काहून हलते ते पाहाचं आहे. पौर्णिमेले कन्हानले जाऊन येऊ सगळे.

जाऊन येऊ, म्हणाले.

पिंजरा शोभाताईंना परत दिला. कांदे चिरायला घेतले आहेत. आज भजी ताटात वाढणार आहे.